दवाखान्याचा हजेरीपट

उचगावात कोणाला ताप आला, मूल आजारी पडले किंवा बाळंतपण जवळ आले, तर काय करायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. कुठल्या दवाखान्यात जायचे, आशाताईला कधी हाक मारायची, सीपीआरला न्यायची वेळ आली तर एकशे आठला फोन कोणी करायचा, हे आमच्या आठवीतल्या मुलीही सांगतील. पण एखाद्याने ‘मला शुगर निघाली, आता काय करू?’ असे विचारले, की मोहल्ल्यातल्या दहा तोंडांतून दहा उत्तरे येतात. कोणी कारल्याचा रस सांगतो, कोणी मेथीचे दाणे, कोणी मिरजेचा डॉक्टर, तर कोणी कुठल्याशा गावी मिळणारी झाडपाल्याची पुडी. सरकारी दवाखान्याचे नाव या यादीत आले तरी शेवटी येते. ज्या दवाखान्यावर लोक बाळंतपणासाठी आणि मुलांच्या लसीसाठी डोळे झाकून भरवसा ठेवतात, त्याच दवाखान्यावर शुगर-बीपीसाठी भरवसा का ठेवत नाहीत, हा प्रश्न आम्हाला बरीच वर्षे पडलेला आहे.

उचगाव हे नावाला खेडे. करवीर तालुक्यातले हे गाव कोल्हापूर शहराला इतके चिकटलेले आहे की शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले हे नव्या माणसाला कळत नाही. एका बाजूला पुणे-बंगळूर महामार्ग, शेजारी गांधीनगरची कापडाची बाजारपेठ, पलीकडे शिरोलीची आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी. आमच्या वर्गातल्या मुलांचे वडील फाउंड्रीत ओतकाम करतात, गांधीनगरात गठ्ठे उचलतात, रिक्षा चालवतात, गॅरेजात राबतात. आया शिवणकाम करतात, दुकानात हिशोबाला बसतात. कोल्हापूरची महानगरपालिका १९७२ साली झाली आणि तेव्हापासून हद्दवाढीच्या चर्चेत आमच्या गावाचे नाव येत राहिले. त्या वादात आम्ही पडत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की माणसे शहरासारखी जगतात, शहराचे आजार त्यांना होतात आणि दवाखान्याची घडी मात्र खेड्याच्या हिशोबाने बसवलेली आहे.

ही घडी कशी बसली तेही पाहण्यासारखे आहे. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना आपल्याकडे त्या अहवालाने रुजवली आणि १९५२ पासून सामूहिक विकास कार्यक्रमात अशी केंद्रे उघडू लागली. पुढे नियम ठरला, की सपाट मुलखात तीस हजार लोकांमागे एक केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र. त्या काळात माणसे मरत ती देवी, पटकी, हिवताप, क्षय आणि बाळंतपणातल्या अडचणींनी. साहजिकच केंद्राची सारी रचना त्यासाठी झाली. लस द्यायची, बाळंतपण करायचे, तापाची गोळी द्यायची, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करायची. आजार आला, उपचार झाला, माणूस एक तर बरा झाला किंवा मोठ्या दवाखान्यात गेला. शुगर आणि बीपी मात्र घरातून न जाणाऱ्या पाहुण्यासारखे असतात. एकदा आले की माणसाच्या शेवटच्या श्वासापर्यंत राहतात. त्यांच्यासाठी एक भेट पुरत नाही, भेटींची साखळी लागते.

आणि हे पाहुणे आता थोड्या घरांत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. रक्तदाब तर दर तीन मोठ्या माणसांत एकाहून अधिक जणांना. एकेकाळी हा शेठ-सावकारांचा आजार म्हणत. आता तो गठ्ठे उचलणाऱ्याच्या घरात आला आहे.

आमच्या घरातही तो आला, पण आम्हाला न सांगता आला. अब्बा शिरोलीत फाउंड्रीत होते. भट्टीसमोर उभे राहून वीस-बावीस वर्षे काढलेली. अंगाने धट्टेकट्टे, कधी झोपून राहिले नाहीत. डोके दुखले की ओळखीच्या डॉक्टरकडून एक सुई घेत आणि दुसऱ्या पाळीला हजर होत. त्या सगळ्या वर्षांत त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा एकदाही कोणी बांधला नाही. आम्ही बी.एड. करत होतो, त्या वर्षी एका पहाटे वजू करताना त्यांच्या हातातला लोटा सुटला आणि उजवी बाजू गेली. सीपीआरमध्ये नेले. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारले, ‘बीपीची गोळी कधीपासून बंद आहे?’ आम्ही म्हणालो, ‘साहेब, चालूच कधी नव्हती.’ त्यानंतर अब्बा तीन वर्षे खाटेवर होते. अम्मीने शिवणयंत्र चालवून घर सांभाळले. जी गोळी वेळेवर मिळाली असती तर कदाचित अब्बांचा हात वाचला असता, ती अमलोडिपिनची साधी, स्वस्त, सरकारी यादीतली गोळी आहे. कुठल्याही आरोग्य केंद्रात ती असायला हवी अशी.

तेव्हापासून दवाखाना पाहिला की आमच्यातला मास्तर जागा होतो. बी.एड.ला आम्हाला दोन गोष्टी घोकून घ्यायला लावल्या होत्या. एक, निदानात्मक चाचणी आणि तिच्यामागून उपचारात्मक अध्यापन. दुसरी, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षातून एकदा परीक्षा घेऊन मुलाला पास-नापास न करता वर्षभर त्याच्याकडे लक्ष ठेवायचे. वैद्यकाचे शब्द वेगळे असतील, पण शुगर-बीपीच्या रुग्णाला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. आपल्याकडे होते काय, तर गावात शिबिर भरते, मांडव पडतो, नेतेमंडळी येतात, शंभर-दोनशे लोकांच्या बोटाला सुई टोचली जाते, वर्तमानपत्रात फोटो येतो. ती झाली वार्षिक परीक्षा. निकाल हातात देऊन मुलाला घरी पाठवले. वर्ग भरलाच नाही.

डॉक्टर मंडळींत एक जुना ठोकताळा आहे. त्याला अर्ध्याचा नियम म्हणतात. शंभर जणांना बीपी असेल तर पन्नास जणांनाच ते माहीत असते. त्या पन्नासातले पंचवीस औषध घेतात. त्या पंचवीसातल्या बारा-तेरा जणांचेच बीपी आटोक्यात असते. शाळेच्या भाषेत सांगायचे तर पटावर शंभर मुले आणि पास झाली बारा. अशा शाळेची चौकशी लागली असती.

सरकारने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०१० मध्ये या आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आले, आणि २०२३ पासून त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणू लागले. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी करायची असे ठरले. आशाताई दारोदार जाऊन फॉर्म भरते. वय किती, तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, व्यायाम करता का, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का. गुण चारच्या वर गेले की आधी तपासणीला बोलवायचे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आरोग्य संस्थांतले उपचार आणि तपासण्या मोफत झाल्या. कागदावर पाहिले तर दार उघडे आहे.

पण दारातून आत गेलेल्या माणसाचे पुढे काय होते? आमच्या गल्लीतल्या एक चाची आहेत. तपासणीत शुगर निघाली. परिसरातल्या एका आरोग्य केंद्रात गेल्या, गोळ्या मिळाल्या, त्या दहा दिवसांच्या. अकराव्या दिवशी परत गेल्या तर गोळ्या संपलेल्या. ‘पुढच्या आठवड्यात या.’ पुढच्या आठवड्यात शुगर मोजायच्या पट्ट्या नव्हत्या. तिसऱ्या वेळी डॉक्टर बैठकीला गेलेले. प्रत्येक खेपेला चाचींची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे. चौथ्या खेपेला त्या गेल्या नाहीत. अंगात तर काहीच होत नव्हते, मग कशाला जायचे? दोन वर्षांनी पायाला चप्पल लागली, ती जखम भरली नाही आणि पायाची दोन बोटे काढावी लागली. त्या दोन वर्षांत चाचींच्या दारी पोलिओच्या डोससाठी, जनगणनेसारख्या कामासाठी, मतदारयादीसाठी माणसे येऊन गेली. ‘चाची, गोळ्या न्यायला का आला नाहीत?’ हे विचारायला कोणी आले नाही.

आमच्या वर्गातले मूल सलग चार दिवस आले नाही तर आम्ही त्याच्या घरी जातो. गळती शोधणे हे आमच्या नोकरीचे काम आहे, त्याचा हिशोब द्यावा लागतो. दवाखान्यात आलेल्यांची नोंद असते. न आलेल्यांची नोंद कुठल्या वहीत असते? चाचींसारख्यांचा पराभव या एका न ठेवलेल्या वहीत झालेला आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा केंद्राला हे जमणार कसे? त्याचे उत्तर त्याच केंद्रात सापडते. गरोदर बाईला तिथे माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. वजन, बीपी, रक्त, धनुर्वाताची सुई, सगळे तारखेनिशी लिहिलेले. तारीख चुकली की आशाताई दारात उभी. मुलाची लस राहिली की नर्सबाई नाव घेऊन विचारतात. टीबीचा रुग्ण औषध सोडू लागला की त्याला शोधत माणूस येतो. म्हणजे कार्ड ठेवणे, महिन्याचे औषध देणे, गैरहजर माणसाला शोधणे ही विद्या आपल्या आरोग्य केंद्राला येते. ती फक्त आई, मूल आणि टीबीवाल्यापुरती राहिली. मोहल्ल्यातल्या कित्येक बायकांच्या दंडाला बीपीचा पट्टा शेवटचा बांधला गेला तो त्यांच्या शेवटच्या बाळंतपणात. आता त्यांची ती मुले आमच्याकडे दहावीला आहेत.

हे जमते याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम देशात २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपले शेजारी सातारा आणि सिंधुदुर्ग होते. त्यात नवे यंत्र नव्हते की महाग औषध नव्हते. एकच साधा नियम सगळ्या केंद्रांत पाळला. आधी अमलोडिपिन, त्याने भागले नाही तर ठरलेल्या क्रमाने पुढची गोळी. प्रत्येक रुग्णाचे कार्ड. एका वेळी तीस दिवसांचे औषध. पुढची गोळी घराजवळच्या उपकेंद्रावर, म्हणजे मजुरी बुडणार नाही. आणि न आलेल्याला फोन. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला आणि उपक्रम इतर जिल्ह्यांतही पसरला. याच्या मुळाशी पाहिले तर आमचाच हजेरीपट आहे.

जगातल्या गरीब देशांत हीच कहाणी आहे. १९७८ मध्ये अल्मा आटा इथे अनेक देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेची शपथ घेतली. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांतल्या छोट्या दवाखान्यांना शुगर-बीपी सांभाळता यावे म्हणून कमीत कमी काय हवे याची यादीच दिली. बांगलादेशने आपल्या उपजिल्हा रुग्णालयांत या आजारांसाठी वेगळे कोपरे केले, श्रीलंकेने निरोगी जीवनशैलीची केंद्रे काढली. जिथे जिथे पाहणी होते तिथे उणिवा त्याच निघतात. बीपीचे यंत्र आहे पण सेल गेलेले. ग्लुकोमीटर आहे पण पट्ट्या नाहीत. पट्ट्या आहेत पण पाय तपासून पाहायला कोणाला शिकवलेले नाही. गोळी आहे पण इन्सुलिन नाही, इन्सुलिन आले तर फ्रिजची वीज जाते. दवाखान्याची तयारी म्हणजे इमारत आणि फलक नव्हे. या चार-सहा क्षुल्लक वस्तू एकाच दिवशी, एकाच टेबलावर असणे म्हणजे तयारी.

आमच्या समाजापुरते बोलायचे तर या टेबलावर आणखी एक वस्तू हवी, ती म्हणजे भाषा. आमच्या पोरांना मराठी चांगली येते, आम्हीही हा लेख मराठीत लिहितो आहोत. पण साठी ओलांडलेल्या आमच्या अनेक खाला-फुफींना फक्त उर्दू वाचता येते, काहींना तीही नाही. गोळीच्या पाकिटावर इंग्रजी, भिंतीवरच्या तक्त्यावर मराठी. मग सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी जाते. आमच्या नववीच्या मुलींनी यावर एक तोड काढली. पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चाँद काढायचा, जेवणाआधीसाठी रिकामी थाळी, जेवणानंतरसाठी भरलेली. त्याला कुठली लिपी लागत नाही. एका समुदाय आरोग्य अधिकारी बाईंनी ते पाहिले आणि सगळ्याच रुग्णांच्या पाकिटांवर तसे काढायला सुरुवात केली. आमच्या बायकांसाठी काढलेला चाँद आता वारकरी आजीच्या पाकिटावरही आहे.

दुसरी गोष्ट रमजानची. मधुमेही माणूस रोजा ठेवतोच, हे डॉक्टरांनी गृहीत धरायला हवे. २००१ मध्ये तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली होती. तिच्यात मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के लोकांनी निदान पंधरा रोजे ठेवलेले आढळले. ज्या महिन्यात जेवणाच्या वेळा उलटतात, त्या महिन्यात गोळीच्या वेळा त्याच ठेवल्या तर दुपारी शुगर एकदम खाली जाते. जाणकार सांगतात, की रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरला भेटावे, कोणी रोजा ठेवावा आणि कोणी ठेवू नये, गोळी किती आणि कधी घ्यावी हे ठरवून घ्यावे. शुगर सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा. आजाऱ्याला तर कुरआनमध्येच सवलत दिलेली आहे. बोटाला सुई टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे अनेक उलेमांनी सांगितलेले आहे. पण डॉक्टर रोजाचे विचारत नाहीत आणि आमचे लोक सांगत नाहीत. ‘रोजा धरू नका’ असे रागावून म्हणतील या भीतीने महिनाभर दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. शाबानच्या एका जुम्याला पेशइमाम साहेबांनी दोन मिनिटे या विषयावर बोलायचे ठरवले तर जे काम दहा तक्त्यांनी होत नाही ते होईल. गेल्या दोन वर्षांपासून आमच्याकडच्या एका मशिदीत ते होते, हे आनंदाने नमूद करतो.

तिसरी गोष्ट आमच्या घरांतली. मिसरीची डबी आमच्या बायकांच्या हातून सुटलेली नाही, आणि आशाताईने तंबाखूचे विचारले की ‘नाही’ म्हणतात, कारण मिसरीला त्या तंबाखू समजत नाहीत. दावतीत तांबडा-पांढरा रस्सा आणि बिर्याणी आग्रहाने वाढली जाते. ‘आज एक दिवस चालतंय की’ म्हणणारे यजमान असतात आणि असे दिवस वर्षात शंभर येतात. पुरुष फाउंड्रीच्या पाळीत, त्यांना सकाळची ओपीडी गाठता येत नाही. बायकांना चालायला जागा नाही, आणि घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्यावर जेवायची सवय. डॉक्टर ‘वेळेवर जेवा’ म्हणतात तेव्हा त्या हसतात.

२०१९ च्या महापुरात महामार्ग काही दिवस बंद पडला, २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले, मधल्या वर्षी कोविडची टाळेबंदी. या तिन्ही वेळी दूध, पाणी, अन्न लोकांनी एकमेकांना पोहोचवले, त्यात मशीद-मंदिर पाहिले नाही. पण छावणीत आलेल्या म्हाताऱ्यांना ‘तुमची कुठली गोळी चालू आहे?’ विचारले तर उत्तर येई, ‘पांढरी, बारकी.’ कागद पाण्यात गेलेला. केंद्रात प्रत्येकाचे कार्ड असते तर ती पांढरी गोळी कुठली ते कळले असते.

या सगळ्याचा दोष आशाताईंच्या किंवा नर्सबाईंच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही. तुटपुंज्या मानधनावर आशाताई किती वह्या भरतात ते आम्ही पाहतो, आम्हाही शिक्षकांना अशाच वह्या भराव्या लागतात. माणूस कमी नि कागद जास्त, हे दुखणे दोन्हीकडचे आहे. कामाची यादी वाढवली तर माणसेही वाढवावी लागतील, औषधाची मागणी रुग्णांच्या संख्येवरून करावी लागेल, आणि आठवड्यातून एक ओपीडी संध्याकाळी, पाळी सुटल्यावर ठेवावी लागेल.

यातले काही आपल्या हातात आहे. आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला आरोग्य समिती असते, ग्रामसभा तर आहेच. आपल्या जमातीचे लोक तिथे रस्ता, गटार आणि कब्रस्तानाच्या भिंतीसाठी उठून बोलतात. तिथे आणखी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. आपल्या केंद्रात शुगर-बीपीचे किती रुग्ण नोंदलेले आहेत? त्यातल्या किती जणांना या महिन्यात पूर्ण तीस दिवसांची गोळी मिळाली? आणि जे आले नाहीत, त्यांच्या घरी कोण गेले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मिळत नसेल, तर मोहल्ल्यातली दहावी झालेली मुले-मुली आहेत, आम्ही शिक्षक आहोत. ज्यांची नावे आरोग्य केंद्र देईल, त्यांच्या दारात जाऊन ‘चाची, गोळी संपली का?’ एवढे विचारायला पदवी लागत नाही.